स्टार्टिंग कर्नल, टिंब टिंब टिंब

बापूला चालू यंत्राचा कंटाळा आहे. नवा मोबाइल हातात दिला तर उलटसुलट करून बघतो, आत प्रोसेसर कुठला ते विचारतो आणि परत देतो. टीव्ही लागला, लिफ्ट वर गेली, एटीएममधून पैसे आले, यातल्या कशाचंही त्याला कौतुक नाही. पण ज्याच्यावर आजवर एकही प्रोग्राम चाललेला नाही, वीज दिली तर एक लाल दिवा लागतो आणि पुढे ढिम्म काही होत नाही, असं एखादं हिरवं बोर्ड त्याच्यासमोर ठेवा. हा माणूस वाटीतला आमरस तसाच टाकून उठेल. मी उठलेला पाहिलाय.

बापू हे नाव मी ठेवलं. या वाणाची माणसं बंगळूरला आहेत, चेन्नईला आहेत, म्युनिकला आहेत; कॅलिफोर्नियात तर पैशाला पासरी. माझ्या वाट्याला आलेला नमुना पुण्याचा, कर्वेनगरातला. वय पन्नाशीच्या जरा अलीकडे, चष्मा कपाळावर, शर्टाच्या खिशात पेनाऐवजी चिमटा. दिवसा हिंजवडीला नोकरी आणि रात्री घरी तेच काम, फक्त बिनपगारी. 'तुमचा मुलगा काय करतो?' या प्रश्नाला त्याच्या आईंनी बरीच वर्षं 'कॉम्प्युटरमध्ये आहे' असं उत्तर दिलं. त्याचा परिणाम असा झाला की सोसायटीतला प्रत्येक बंद प्रिंटर बापूच्या दारात येऊ लागला. बापू तो घेई, उघडे, आतल्या बोर्डवर सीरियल पोर्टच्या तीन टाचण्या सापडतात का बघे आणि सापडल्या की आठवडाभर दिसत नसे. प्रिंटर दुरुस्त होऊन परत गेल्याचं ऐकिवात नाही.

त्याचं खरं काम सांगायचं तर नव्या प्रोसेसरवर बूटलोडर आणि ऑपरेटिंग सिस्टिम चढवणं. प्रोसेसर जन्मतः अडाणी असतो. वीज मिळाली की एका ठरलेल्या पत्त्यावर जातो आणि तिथे जे लिहिलं असेल ते मुकाट्याने करू लागतो. मेमरी किती, कुठे, तिच्याशी बोलायचं कसं, हे त्याला ठाऊक नसतं. स्क्रीन आणि कीबोर्ड ही तर फार पुढची चैन. त्या पहिल्या पत्त्यापासून लिनक्सच्या दारापर्यंतचा रस्ता कुणीतरी बांधावा लागतो, आणि प्रत्येक नव्या चिपसाठी नव्याने बांधावा लागतो. रॉममधला एक इवलासा तुकडा त्याहून मोठ्या तुकड्याला उठवतो. तो मोठा तुकडा डीडीआर मेमरीला वळण लावतो, कारण तिच्या प्रत्येक तारेला लागणारा वेळ मोजून जुळवावा लागतो. मग, रिस्क-फाइव्ह जातीच्या चिपवर (तिची कथा पुढे), येतं ओपनएसबीआय, ते मशीनच्या सर्वोच्च अधिकाराची जागा धरून बसतं. मग यू-बूट, मग लिनक्स, आणि अगदी शेवटी इनिट नावाचा पहिला प्रोग्राम. लिनक्सच्या आधीच्यांनी, एक ओपनएसबीआय सोडलं तर, पुढच्याला उठवायचं आणि बाजूला व्हायचं.

यू-बूट हे प्रकरण जर्मनीचं. वोल्फगांग डेंक नावाच्या गृहस्थाने ते पॉवरपीसी चिपसाठी चालवायला घेतलं तेव्हा त्याचं नाव पीपीसीबूट होतं. २००२ मध्ये ते इतर प्रोसेसरांवरही चालू लागल्यावर नाव बदललं. आज कितीतरी राउटरांत, सेट-टॉप बॉक्सांत ते आहे आणि त्यांच्या मालकांना त्याचा पत्ता नाही. बापू हे सगळं मला आणि वहिनींना एकदा जेवताना समजावून सांगत होता. त्याचं संपल्यावर वहिनी म्हणाल्या, "म्हणजे आंतरपाट धरणारे. ते नसले तर लग्न लागत नाही, आणि अल्बममध्ये त्यांचा एक फोटो नसतो." बापू खूश झाला. इतकी वर्षं ऑफिसातल्या मॅनेजरांना जे समजलं नव्हतं ते घरात समजलं होतं. आता तो हे वाक्य स्वतःचं म्हणून सांगतो.

जेवणाच्या टेबलाचा अर्धा भाग बापूचा आहे. तिथे एक एफपीजीए बोर्ड कायमचं मुक्कामाला. एफपीजीए ही अशी चिप की जिच्यात आज एक प्रोसेसर भरावा, उद्या तो पुसून दुसरा भरावा. प्रोसेसर म्हणजे शेवटी मजकूरच. व्हेरिलॉग नावाच्या भाषेत लिहिलेली हजारो ओळींची फाइल. ती कुणी कपाटात ठेवतं, कुणी जगाला देतं. बापूचा जीव या दुसऱ्या प्रकारात.

त्याचं पहिलं प्रेम ओपनरिस्क. २००० च्या सुमाराचा तो ओपन सोर्स प्रोसेसर. लिनक्सच्या मूळ झाडात त्याला जागा मिळाली ती २०११ मध्ये, ३.१ आवृत्तीत. अकरा वर्षं लागली आणि तोवर लोक विसरले होते. २००६ मध्ये सन कंपनीने आपल्या टी-वन प्रोसेसरचा अख्खा आराखडाच जीपीएल परवान्याखाली खुला केला, तेव्हा बापूने ऑफिसात पेढे वाटले. कशाचे ते कुणाला कळलं नाही, पण खाल्ले सगळ्यांनी. मग रिस्क-फाइव्ह आलं आणि त्या दोघांचं नाव बापूच्या तोंडी येईनासं झालं. फार रात्र झाली की मात्र येतं.

रिस्क-फाइव्हची जन्मकथा तो सत्यनारायणाची पोथी लावल्याच्या थाटात सांगतो, अध्याय गाळू देत नाही. २०१० ची मे महिन्याची गोष्ट, बर्कलीचं विद्यापीठ. क्रस्ते असानोविच आणि त्यांचे दोन विद्यार्थी, अँड्र्यू वॉटरमन आणि युन्सुप ली, यांना संशोधनासाठी एक साधा सूचनासंच हवा होता. इंटेलचा फार गुंतागुंतीचा, आर्मचा परवान्याच्या कुलपात. मग म्हणाले, आपणच करू, उन्हाळ्याच्या तीन महिन्यांत होईल. "तीन महिने!" इथे बापू थांबतो आणि आपल्याकडे बघतो. आपण हसायचं असतं. त्या तीन महिन्यांची चार वर्षं झाली. २०१४ मध्ये मूळ संच गोठवला गेला. पायाभूत ३२ बिटी संचात सूचना अवघ्या ४०, आणि तो कुणीही फुकट वापरावा. कुणाची परवानगी नको, कुणाला रॉयल्टी नको. २०२० मध्ये हा संच सांभाळणाऱ्या संस्थेचं बिऱ्हाड स्वित्झर्लंडला हललं, म्हणजे कुठल्याही एका देशाला तिचं नळकनेक्शन तोडता येऊ नये.

यातली 'कुणीही वापरावा' ही ओळ ऐकायला गोड आहे. तिचा त्रास बापूला होतो. कुणीही प्रोसेसर बनवतो. चेन्नईची आयआयटी बनवते, सीडॅक बनवतं, चीनमधल्या कंपन्या बनवतात, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाची पोरं सबमिशनच्या आदल्या रात्री बनवतात. सूचना सगळ्यांच्या त्याच, पण टायमर वेगळ्या पत्त्यावर, सीरियल पोर्ट तिसऱ्याच पत्त्यावर, इंटरप्टांचे क्रमांक मनाला येतील ते. हे सगळं ज्या फाइलीत लिहून लिनक्सच्या हातात ठेवायचं तिचं नाव डिव्हाइस ट्री. तयार झालेल्या फाइलीचे पहिले चार बाइट जगभर ठरलेले आहेत; सोळाच्या पायात लिहिले तर 'डी शून्य शून्य डी फीड' असे दिसतात. मेमरीत ठरलेल्या पत्त्यावर हे चार बाइट दिसले की बापू निश्चिंत होतो. न दिसले तर वहिनी बाहेरून जेवण मागवतात.

सगळं काम चालतं तीन तारांवर. एक जमिनीची, एक बोलायची, एक ऐकायची. इकडची बोलायची तार तिकडच्या ऐकायच्या टाचणीला जोडावी लागते, आणि बोर्ड बनवणारे त्यावर नावं अशी छापतात की पहिल्या वेळी ती हटकून उलट लागते. त्यामुळे बापूचा जगातल्या कुठल्याही अडचणीवरचा पहिला सल्ला एकच: "टीएक्स-आरएक्स उलटं करून बघितलंस का?" गॅस पेटेना, शेजाऱ्याचा इनव्हर्टर बोंबलला, भाच्याचं लग्न जुळत नव्हतं, तिन्ही वेळा त्याने हेच विचारलं. भाच्याच्या बाबतीत तो फार चुकला होता असं मला वाटत नाही. दोन्ही घरं नुसती बोलत होती, ऐकायला कुणी नव्हतं.

तारा नीट लागल्या आणि वेग जुळला (११५२००, हा आकडा बापू झोपेत सांगेल) की पहिलं अक्षर येतं. कुणी विचारेल, कसलं अक्षर? काहीही. बहुधा इंग्रजी 'ए'. काळ्या पडद्यावर एकच अक्षर. नव्या प्रोसेसरला मेमरी नाही, स्टॅक नाही, सी भाषा समजण्याची सोय नाही. अशा अवस्थेत असेंब्लीतल्या चार ओळींनी त्याच्या तोंडून हे अक्षर काढलेलं असतं. बापू ते अक्षर घरातल्या सगळ्यांना बोलावून दाखवतो. आईंनी एकदा चष्मा लावून बघितलं, "एवढंच?" म्हणाल्या आणि मालिका बघायला गेल्या. मुलीने फोटो काढून मैत्रिणींना पाठवला, खाली हसणारे चार चेहरे टाकून. बापूला दोन्हीचं सारखंच वाईट वाटलं.

पण खरा बापू बघायचा तर तो या अक्षरापाशी नाही, 'स्टार्टिंग कर्नल'पाशी बघावा.

यू-बूट आपलं काम आटोपतं, लिनक्सच्या पहिल्या पत्त्यावर उडी मारतं आणि उडी मारण्याआधी पडद्यावर शेवटचे दोन शब्द लिहितं: स्टार्टिंग कर्नल. पुढे तीन टिंबं. त्यानंतर लिनक्सने बोलायला सुरुवात करायची असते. नव्या बोर्डवर ते बोलत नाही. चूक झाली तर चूक झाली असं तरी सांगावं, तेही नाही. टिंब, टिंब, टिंब आणि समोर लुकलुकणारा ठोकळा. कर्नल (लिनक्सचा गाभा) मेलं की जिवंत आहे, हे बाहेरून समजायला मार्ग नसतो. कदाचित ते सुरळीत चाललेलं असेल आणि चुकीच्या सीरियल पोर्टवर भरभरून बोलत असेल, जिथे ऐकायला कुणीच नाही. कदाचित कर्नलने उलगडताना डिव्हाइस ट्रीवरच पाय दिला असेल. कदाचित पहिल्याच पावलाला ठेचकाळलं असेल.

बापू या टिंबांकडे बघत बसतो. मी एका रात्री त्याच्या शेजारी बसलो होतो. अंगात बंडी, पाय खुर्चीवर घेतलेले, चहावर साय. पाचेक मिनिटं झाल्यावर मी म्हटलं, "बापू, अडकलंय ते."

"थांब," तो म्हणाला. "कधी कधी वेळ लागतो."

"किती?"

"ते कळलं असतं तर थांबलो असतो का?"

मग तो उठला, कर्नलला देण्याच्या ओळीत 'अर्लीकॉन' हा शब्द घातला, म्हणजे बाळंतीण होण्याआधीच बाळाने रडावं अशी व्यवस्था, आणि पुन्हा सुरू केलं. या वेळी लिनक्स बोललं. चाळीसेक ओळी धडाधड आल्या आणि शेवटी: कर्नल पॅनिक, मूळ फाइल सिस्टिम सापडत नाही. मी हळहळलो. बापूने माझ्या पाठीवर थाप मारली, "अरे, पॅनिक आला!" त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. ज्या माणसाला घबराटीच्या संदेशाने एवढा आनंद होतो त्याच्याशी शोकाच्या प्रसंगी काय बोलावं ते मला आजतागायत ठरवता आलेलं नाही.

कंपनीतल्या कामात बापूला एक मोठी सोय आहे. तिथल्या चिपा बंदिस्त. काही केल्या चालेना तर चिपवाल्यांना पत्र लिहायचं. दोन आठवड्यांनी त्यांचं उत्तर येतं की तुमचीच चूक असावी. आणखी दोन महिन्यांनी चिपच्या दोषांची नवी यादी निघते आणि तिच्यात आपली चूक बाविसाव्या क्रमांकावर त्यांची चूक म्हणून छापलेली असते. मधल्या काळात माणूस झोपू शकतो. दोष कुणाचा तरी आहे, आणि तो माणूस आपण नव्हे.

ओपन सोर्स प्रोसेसरने ही झोप घालवली. इथे संशयाला अंत नाही. आधी स्वतःचा संशय, मग कंपायलरचा, मग कर्नलचा, मग डिव्हाइस ट्रीचा, मग मेमरीचा, आणि सगळे निर्दोष सुटले तरी प्रोसेसर उरतोच, आणि त्याचीही फाइल शेजारच्या खिडकीत उघडी असते. कारण देऊन मोकळं होता येत नाही. मला वाटतं, 'खुलं' या गोष्टीची एवढी भाषणं ऐकतो त्यात हा भाग कुणी सांगत नाही. खुलं म्हटलं की सबब संपते. बापू सोडला तर ही अट आनंदाने मान्य करणारा माणूस मी पाहिलेला नाही.

मागच्या पावसाळ्यातला किस्सा. घरच्या बोर्डवर कर्नल कधी उठायचं, कधी नाही. बापूने नेमकं कुठे थांबतं ते बघायला यू-बूटमध्ये एक ओळ छापायचा आदेश घातला. चालू झालं. आदेश काढला, बंद. घातला, चालू. काढला, बंद. असं चार-पाच दिवस.

वहिनी म्हणाल्या, "मग राहू दे की ती ओळ."

बापूने वहिनींकडे ज्या नजरेने बघितलं तिला उत्तर म्हणून वहिनींनी त्याच्या पुढ्यातला चहा उचलून नेला.

वास्तविक जगातल्या निम्म्या वस्तू वहिनींच्या तत्त्वावर चालतात. पण बापूला ते चालत नाही. शेवटी त्याने प्रोसेसरची फाइल वाचायला घेतली आणि चौथ्या रात्री गुन्हेगार मिळाला. रिस्क-फाइव्हमध्ये फेन्स-आय नावाची एक सूचना आहे. 'मेमरीत नवे आदेश लिहिले आहेत, तुझ्या जवळच्या साठ्यात जुने पडले असतील तर ते विसर,' एवढाच तिचा अर्थ. बूटलोडर कर्नल मेमरीत आणून ठेवतो तेव्हा ही सूचना द्यावीच लागते. या प्रोसेसरच्या लेखकाने ती ओळखली होती, तक्रार न करता स्वीकारली होती आणि पुढे काहीही केलं नव्हतं. सरकारी अर्जावर पोच द्यावी आणि अर्ज गठ्ठ्यात ठेवावा, तितकंच. त्यामुळे प्रोसेसर नव्या कर्नलमध्ये जुनेच आदेश पाळत होता. छापायची ओळ घातली की तिच्या धावपळीत ते जुने आदेश आपोआप साठ्याबाहेर ढकलले जात. बापूने दुरुस्ती केली. प्रोसेसर पुन्हा घडवायला पाऊण तास लागला. तेवढ्यात तो खाली जाऊन दूध घेऊन आला, हसत. प्रोसेसर दुरुस्त करून दूध आणायला जाणारी माणसं तेव्हा कर्वेनगरात फार नसावीत.

घड्याळाची गोष्ट याहून साधी आणि जास्त मनोरंजक. डिव्हाइस ट्रीमध्ये टायमरचा वेग लिहावा लागतो. बापूने एका रात्री एक शून्य जास्त लिहिलं. लिनक्स उठलं, सगळं ठीक, पण 'एक सेकंद थांब' म्हटलं की ते दहा सेकंद थांबायचं आणि स्वतःच्या हिशेबाने अगदी बरोबर असायचं. बापूच्या आईंना ते मशीन तेवढ्यापुरतं आवडलं होतं. "घाई नाही हो त्याला," म्हणाल्या.

तारखेचंही तेच. बोर्डवर घड्याळाची बॅटरी नाही, म्हणून दर वेळी उठलं की त्या मशीनच्या मते १ जानेवारी १९७० असते, वार गुरुवार. वहिनी हे वाचून म्हणाल्या, "म्हणजे आपलं लग्न अजून झालेलं नाही." बापू म्हणाला, "आरटीसी चिप लावायला पाहिजे." वहिनी माझ्याकडे बघून म्हणाल्या, "बघा."

घरात त्याची भाषा मुरली आहे. रिस्क-फाइव्हमध्ये प्रोसेसर अडखळला की कारणाचा क्रमांक सांगतो. दोन म्हणजे अवैध सूचना, पाच म्हणजे जिथून वाचायचं तिथे काही नाही, सात म्हणजे जिथे लिहायचं तिथे परवानगी नाही. रविवारी सकाळी आईंनी माळा साफ करायला सांगितला की बापू पुटपुटतो, "दोन." साखरेचा डबा रिकामा निघाला की मुलगी स्वयंपाकघरातून ओरडते, "पाच!" आणि बापू नवं बोर्ड घेऊन दारात उभा राहिला की वहिनी कपाटाकडे हात करून शांतपणे म्हणतात, "सात."

एफपीजीएवर भरण्याआधी प्रोसेसर सिम्युलेटरवर चालवून बघतात, तो छंद मात्र मी कुणाला लावून घेऊ नका म्हणेन. लिनक्स उठायला समजा एक अब्ज घड्याळाचे ठोके लागतात. खऱ्या चिपवर ते चहा गाळेपर्यंत होतात. सिम्युलेटर सेकंदाला दहा हजार ठोके मारत असेल तर त्यालाच अठ्ठावीस तास. बापूने एका बुधवारी संध्याकाळी ते लावलं, दारावर 'बंद करू नये' अशी पाटी चिकटवली आणि झोपला. गुरुवारी पुण्यात देखभालीसाठी वीज जाते, हे पुण्यात जन्मलेल्या माणसाला माहीत असतं. बापूलाही माहीत होतं. फक्त त्याच्या मनात त्या दिवशी १९७० चा गुरुवार असावा.

देशी प्रोसेसरांबद्दल बोलायचं तर त्याची देशभक्ती कडक आहे आणि तिची परीक्षा एकाच प्रश्नाची आहे. २०१८ मध्ये चेन्नईच्या आयआयटीच्या 'शक्ती' प्रोसेसरवर लिनक्स उठलं. त्या चिपा इंटेलच्या २२ नॅनोमीटरच्या कारखान्यात बनल्या होत्या. त्याच वर्षी दुसरी चिप मोहालीच्या सरकारी प्रयोगशाळेत १८० नॅनोमीटरवर बनली. पवईच्या आयआयटीत प्राध्यापक माधव देसाई यांच्या गटाने 'अजित' केला, तो स्पार्क या जुन्या, मुक्त मानकावरचा. बापूच्या मेव्हण्याने 'भारताने इंटेलला धूळ चारली' असा तिरंगी मजकूर व्हॉट्सअॅपवर पाठवला. बापूने तिघांची कागदपत्रं मिळतील तेवढी वाचली, मनापासून आनंदला, आणि मेव्हण्याला एकच ओळ लिहिली: "मेनलाइनमध्ये पॅच गेलाय का?" मेव्हण्याने त्याला ग्रुपमधून काढलं.

हा प्रश्न खोचक वाटतो, पण माझ्या मते बापूचं बरोबर आहे. चिप बनते तेव्हा बातमी होते. तिच्यावर लिनक्स उठतं तेव्हा फोटो निघतो. पण तो बदल लिनक्सच्या मूळ झाडात गेला नाही तर दोन वर्षांत लिनक्स पुढे जातं आणि ती चिप एका जुन्या, कुणी न सांभाळलेल्या आवृत्तीवर अडकून पडते. मूळ झाडात जायचं म्हणजे जगातल्या अनोळखी, तुसड्या माणसांनी तुमची ओळन् ओळ तपासायची. इथे टॅब हवा होता, तुम्ही स्पेस दिली. हे दोन पॅच वेगळे करा. नाव बदला. पुन्हा पाठवा. रिस्क-फाइव्ह स्वतः या दारातून आत आलं ते जानेवारी २०१८ मध्ये, ४.१५ आवृत्तीत, म्हणजे जन्मानंतर सात-आठ वर्षांनी. डेबियनने त्याला अधिकृत मानलं २०२३ मध्ये. इथे कुणाचा वशिला चालत नाही, आणि तिरंगी मजकूर तर नाहीच.

बापूचं स्वतःचं नाव त्या झाडात एका ठिकाणी आहे. दुसऱ्या कुणाच्या तरी तीन ओळींच्या पॅचखाली 'टेस्टेड-बाय' असं लिहून. आईंनी त्याचा प्रिंट काढून मागितला (शेजारणीच्या प्रिंटरवर, तो बापूच्या हाती लागला नव्हता) आणि देवघराशेजारी लावला. पाहुणे विचारतात तेव्हा त्या सांगतात, "यात बापूचं नाव आहे. खालून दुसरी ओळ."

नेटबीएसडीवाल्यांचा त्याला हेवा आहे. ती मंडळी आपली सिस्टिम मिळेल त्या यंत्रावर चालवून दाखवतात. २००५ मध्ये अमेरिकेतल्या एका कंपनीने टोस्टरमध्ये बोर्ड बसवून त्यावर ती चालवली. ही हकीकत बापूने उत्साहाने सांगितल्यापासून वहिनींनी वॉशिंग मशीनचं वॉरंटी कार्ड माहेरी ठेवलं आहे.

आता लोकांना जे जाणून घ्यायचं असतं ते. सगळं जमलं, लिनक्स उठलं, पडद्यावर आदेशाची वाट बघणाऱ्या शेलचं '#' चिन्ह आलं, पुढे बापू काय करतो? तो 'एलएस' असं टाइप करतो. फाइलींची नावं येतात. प्रोसेसरची माहिती छापून बघतो. मग मशीन व्यवस्थित बंद करतो, तारा काढतो, गुंडाळतो आणि बोर्ड खोक्यात घालतो. संपलं. गेल्या दिवाळीला त्याच्या साडूने विचारलं, "यावर यूट्यूब दिसतं का?"

"नाही."

"गेम?"

"नाही."

"मग येतं काय?"

"शेल येतो."

"मग?"

"मग काही नाही. आला ना."

साडूने फराळाची ताटली पुढे ओढली. मला मात्र बापूचा त्या क्षणी अभिमान वाटला, आणि का ते साडूला पटेल अशा भाषेत मला सांगता आलं नसतं. त्या '#' नंतर जे जे होणार, ते यूट्यूब, ते गेम, ते बँकेचं अॅप, ते सगळं दुसरे लोक करतील, पैसे मिळवतील आणि त्यातल्या एकालाही ते चिन्ह तिथे कसं आलं हे ठाऊक नसेल. बापूला याची खंत नाही. त्याचं लक्ष तोवर पुढच्या खोक्याकडे गेलेलं असतं.

तुमच्याही नात्यागोत्यात असा एखादा असेल. टेबलाचा अर्धा भाग व्यापून असतो, ओळखायला अवघड नाही. त्याला 'हे चालल्यावर उपयोग काय?' असं विचारू नका. वाढदिवसाला शर्ट नको, घड्याळ तर मुळीच नको. द्यायचीच असेल तर यूएसबी-टीटीएल केबल द्या, ती दर चार महिन्यांनी हरवते. मात्र ३.३ व्होल्टची बघून घ्या. ५ व्होल्टची घेऊ नका, बोर्ड जळतो.